कोणत्या देशाच्या शेअर बाजारात पैसे घालायचे? क्रम चुकवू नका

गेल्या वर्षी कोणता बाजार सगळ्यांत जास्त वाढला ते बघायचं, त्या देशाचा फंड शोधायचा, पैसे घालायचे आणि मग विचारायचं की कर किती लागेल, पैसे परत कसे येतील. बहुतेक जण याच क्रमानं जातात. “दादा, जपान घेऊ का?” असा मावसभावाचा मेसेज आला की मी आधी एवढंच विचारतो, “कुठल्या मार्गानं घेणार?” उत्तर सहसा येत नाही.

देशाचं नाव या कामात मध्यावर येतं. त्याआधी तीन पायऱ्या आहेत आणि त्या गाळल्या तर पुढचा अभ्यास कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. हा लेख भारतात राहणाऱ्या आणि इथेच कर भरणाऱ्या गुंतवणूकदारासाठी आहे. अनिवासी भारतीयांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी यातल्या फक्त ३ ते ६ या पायऱ्या घ्याव्यात.

बसताना एक वही घ्या. मोबाइलवर हे काम नीट होत नाही, कारण आकडे शेजारी शेजारी दिसावे लागतात.

## पायरी १: तुमच्याकडे कोणता देश आधीच आहे ते लिहा

नोकरी, घर, पीएफ, विमा, भारतातले फंड हे सगळं ‘भारत’ या एकाच रकान्यात जातं. हे लिहून काढल्यावर बाहेर पैसे नेण्याचं कारण आपोआप दिसतं.

मात्र दुसरा रकाना बरेच जण विसरतात. हिंजवडीत किंवा खराडीत अमेरिकी कंपनीत काम करत असाल आणि पगारासोबत कंपनीचे शेअर मिळत असतील, तर तुमच्याकडे अमेरिका आधीच आहे, तीही एकाच कंपनीत आणि एकाच क्षेत्रात. माझ्या ओळखीतल्या एकाकडे असे शेअर होते आणि ‘जगात पैसे पसरवायचे’ म्हणून त्यानं वर नॅस्डॅक १०० चा, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या, मुख्यतः तंत्रज्ञान कंपन्यांच्या निर्देशांकाचा, फंड घेतला. त्याची कंपनीही त्याच निर्देशांकात होती. त्याच्या वहीत ‘जग’ असं लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात होती ती एकाच क्षेत्रातली अमेरिका.

तुमच्या भारतीय फंडात आयटी कंपन्या किती आहेत तेही बघा. त्यांचं मोठं उत्पन्न अमेरिकेतून येतं.

तपासणी: येत्या सात वर्षांत लागणारा पैसा या वहीत नसावा. मुलीची फी, घराचं डाउन पेमेंट, आईवडिलांच्या औषधोपचाराची तरतूद हे आधी बाजूला काढा. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी त्यानं ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. मध्ये ३४ वर्षं गेली, आणि जपान काही मागास देश नव्हता.

## पायरी २: मार्ग ठरवा

कोणता देश परवडेल हे मार्गावर अवलंबून असतं. भारतातून मुख्यतः दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, भारतातला फंड. रुपयात पैसे भरता, फंड परदेशात गुंतवतो. परदेशी मालमत्तेचा तपशील आयकर विवरणपत्रात द्यावा लागत नाही, डॉलर पाठवायची कटकट नाही. अडचण वेगळीच आहे. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात गुंतवायची मर्यादा ७ अब्ज डॉलर आहे आणि परदेशी ईटीएफसाठी (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) वेगळी १ अब्ज डॉलर. २०२२ च्या सुरुवातीला पहिली मर्यादा भरत आली आणि फंडांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. तेव्हापासून ही दारं कधी उघडतात, कधी बंद होतात. एसआयपी चालू असतानाही थांबू शकते, हे धरूनच चाला.

याच मर्यादेमुळे दुसरा सापळा तयार होतो आणि त्यात मी स्वतः सापडलो आहे. ईटीएफला नवे युनिट काढता येत नाहीत आणि मागणी मात्र असते, म्हणून बाजारातला भाव आतल्या शेअरच्या मूल्यापेक्षा वर चढतो. एका दुपारी मी ब्रोकरच्या ॲपवर भाव बघून थेट ऑर्डर टाकली. आयएनएव्ही म्हणजे त्या क्षणाचं खरं मूल्य होतं १६० रुपयांच्या आसपास, मी दिले १८२. जवळजवळ १४ टक्के जास्त. पुढच्या काही महिन्यांत निर्देशांक वर गेला, पण ही वरची सूज उतरली आणि माझ्या हाती जवळपास काहीच उरलं नाही. आयएनएव्ही फंडाच्या संकेतस्थळावर दिसत होता. मी तो उघडला नव्हता.

सावधान: परदेशी ईटीएफ घेताना आयएनएव्ही आणि बाजारभाव शेजारी शेजारी लिहा. फरक २ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी खरेदी नाही. ऑर्डर नेहमी लिमिट लावूनच, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव देणार ते आधी ठरवून.

दुसरा मार्ग, एलआरएस. रिझर्व्ह बँकेच्या या योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. बँकेत फॉर्म ए२ भरायचा, शेअरमधल्या गुंतवणुकीचा कोड एस०००१. गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (बँकेनं आधीच कापून घ्यायचा कर) लागत नाही, त्यापुढच्या रकमेवर २० टक्के. १४ लाख पाठवले तर ४ लाखांवर ८०,००० रुपये बँक कापून घेते. हा जादा कर नाही. विवरणपत्रात त्याचं श्रेय मिळतं किंवा परतावा येतो, पण तोवर पैसे अडकतात. मर्यादा सगळ्या बँका मिळून मोजली जाते, दोन बँकांत वाटून ती वाढत नाही.

या मार्गात खर्च कसा खातो ते बघा. समजा, बँक प्रत्येक वेळी पाठवणीचे १,००० रुपये घेते. २५,००० पाठवले तर ४ टक्के तिथेच गेले. त्याशिवाय डॉलरच्या दरातला बँकेचा फरक आणि चलनबदलावरचा जीएसटी आहेच. म्हणून दरमहा थोडे थोडे पाठवण्यापेक्षा वर्षात एकदा किंवा दोनदा मोठी रक्कम पाठवणं बरं पडतं.

एलआरएसमधून मार्जिनवर (ब्रोकरच्या उसन्या पैशावर) किंवा फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये खेळता येत नाही. त्यासाठी बँकेकडून कर्जही घेता येत नाही. आणि परदेशी खात्यात पैसे नुसते पडून राहिले तर १८० दिवसांत ते गुंतवावे किंवा परत आणावे लागतात.

माझं मत असं: वर्षाला दोन-तीन लाखांपर्यंत गुंतवणार असाल तर भारतातला फंड पुरेसा आहे, उघडा असेल तेव्हा. रक्कम मोठी असेल आणि दरवर्षी कागद सांभाळायची तयारी असेल, तरच एलआरएस.

तपासणी: मार्ग वहीत लिहिला का? त्या मार्गानं कोणकोणते देश खरोखर मिळतात त्यांची यादी करा. पुढचं सगळं काम फक्त या यादीवर करायचं.

## पायरी ३: जिथून बाहेर पडता येणार नाही ते देश खोडा

इथे परताव्याचा विचार करायचाच नाही. प्रश्न एकच आहे, अडचणीच्या काळात विकून पैसे परत आणता येतील का?

रशियाचं उदाहरण अजून ताजं आहे. २८ फेब्रुवारी २०२२ ला मॉस्कोचा बाजार बंद झाला आणि जवळजवळ महिनाभर शेअरचे व्यवहार झाले नाहीत. उघडल्यावरही परदेशी लोकांना विकता येईना. एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीनं मार्च २०२२ मध्ये रशियाला उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकातून काढलं ते जवळजवळ शून्य किमतीला. कंपन्या चालू होत्या, तेल विकलं जात होतं, पण बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या लेखी मूल्य संपलं होतं. मलेशियानं सप्टेंबर १९९८ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांचे पैसे वर्षभर देशाबाहेर जाऊ दिले नव्हते. चीनमध्ये जुलै २०२१ ला सरकारनं शालेय शिकवण्या घेणाऱ्या कंपन्यांना नफा कमावायलाच मनाई केली आणि ते शेअर कोसळले.

यादीतल्या प्रत्येक देशापुढे तीन गोष्टी लिहा: त्या सरकारनं आजवर परदेशी पैसा अडवला आहे का, चलन मुक्तपणे बदलता येतं का, आणि युद्ध किंवा निर्बंधांची शक्यता किती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं कुणालाच देता येणार नाही. शंका असेल तर त्या देशाचा स्वतंत्र फंड घेऊ नका. व्यापक फंडाच्या पोटात तो छोट्या वाट्यानं आला तर चालेल.

## पायरी ४: देशाचं नाव बाजूला ठेवून निर्देशांक उघडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. आपण देश विकत घेत नाही, काही कंपन्यांची एक यादी विकत घेतो. तिच्यावर देशाचं लेबल असतं इतकंच.

फंडाचं मासिक माहितीपत्रक काढा आणि चार ओळी लिहा: पहिल्या तीन कंपन्या आणि त्यांचा मिळून वाटा, सगळ्यांत मोठं क्षेत्र, या कंपन्यांचं उत्पन्न कुठून येतं, आणि लाभांशावर तो देश किती कर कापतो.

तैवानचं पान माझ्या वहीत असं दिसतं. पहिली कंपनी टीएसएमसी, एकटीचाच वाटा मुख्य निर्देशांकात एक तृतीयांशाहून जास्त. क्षेत्र: चिप आणि इलेक्ट्रॉनिक्स. गिऱ्हाईक: मुख्यतः अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्या. लाभांशावर कपात: २१ टक्के. खाली मी लाल पेनानं लिहिलं आहे, ‘नॅस्डॅक आधीच आहे, मग हे कशाला?’ दक्षिण कोरियाचं पान उघडलं तर सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स आणि एसके हायनिक्स, म्हणजे पुन्हा चिप. नॅस्डॅक, तैवान आणि कोरिया असे तीन फंड घेऊन तीन देशांत पैसे पसरल्याचं समाधान मिळतं, पण चिपची मागणी आटली की तिन्ही एकाच आठवड्यात खाली येतील.

ब्रिटनचं उलट आहे. एफटीएसई १०० या लंडनच्या निर्देशांकातल्या कंपन्यांचं सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न ब्रिटनच्या बाहेरून येतं: तेल, खाणी, औषधं, बँका. ‘ब्रिटनची अर्थव्यवस्था सुस्त आहे’ या बातमीवरून तो निर्देशांक टाळणं किंवा घेणं, दोन्हीला फारसा आधार नाही. स्वित्झर्लंड म्हणजे बऱ्याच अंशी नेस्ले, रोश आणि नोव्हार्टिस.

अर्थव्यवस्था वाढली म्हणजे बाजार वाढेल, ही सगळ्यांत महागात पडणारी समजूत आहे. चीनचा शांघाय कंपोझिट निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,१२४ पर्यंत गेला होता. त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये सुमारे पाचपट झाली. निर्देशांक मात्र २०२५ संपेपर्यंत त्या पातळीला पोचला नव्हता. नवे शेअर सतत निघत राहिले, सरकारी कंपन्यांना भागधारकाच्या नफ्यापेक्षा इतर उद्दिष्टं जवळची होती, आणि २००७ चा भाव अवाच्या सवा होता. वाढ झाली, पण ती जुन्या भागधारकाच्या पदरात पडली नाही.

सावधान: ‘उदयोन्मुख’ आणि ‘विकसित’ ही लेबलं सगळीकडे सारखी नाहीत. दक्षिण कोरिया एमएससीआयच्या हिशेबात उदयोन्मुख आहे, एफटीएसई या निर्देशांक बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या हिशेबात विकसित. पोलंडचंही तसंच. एका कंपनीच्या निर्देशांकावरचा विकसित देशांचा फंड आणि दुसरीच्या निर्देशांकावरचा उदयोन्मुख देशांचा फंड घेतला, तर कोरिया दोनदा येतो किंवा मुळीच येत नाही. दोन्ही फंड एकाच घराण्याच्या निर्देशांकाचे घ्या.

## पायरी ५: परतावा रुपयात मोजा

वर्तमानपत्रातला आकडा त्या देशाच्या चलनात असतो. तुमचा दूधवाला रुपये घेतो.

तुर्कस्तानचा हिशेब एकदा हातानं करून बघा, कायमचा लक्षात राहतो. इस्तंबूलचा बीआयएसटी १०० निर्देशांक २००९ च्या अखेरीस आजच्या मोजणीनं ५२८ च्या आसपास होता, २०२३ च्या अखेरीस सुमारे ७,४७०. लिरामध्ये १४ पट! आता चलन बघा. २००९ अखेर एक लिरा साधारण ३१ रुपयांना होता, २०२३ अखेर २ रुपये ८० पैशांच्या आसपास. म्हणजे रुपयात ५२८ × ३१ = सुमारे १६,४००, आणि ७,४७० × २.८ = सुमारे २०,९००. लाभांश सोडला तर १४ वर्षांत जेमतेम २७-२८ टक्के. तेवढ्याच काळात आपला निफ्टी ५,२०१ वरून २१,७३१ वर गेला, चार पटीहून जास्त.

उलटी बाजूही आहे. त्याच १४ वर्षांत डॉलर ४६ रुपये ५० पैशांवरून ८३ रुपयांवर गेला, म्हणजे वर्षाला साधारण ४ टक्के. अमेरिकेत पैसे ठेवणाऱ्याला हे वरकड मिळालं. पण ते गृहीत धरू नका, रुपया स्थिर राहिलेली वर्षंही येतात.

तपासणी: दोन देशांची तुलना करताना सुरुवातीची आणि शेवटची तारीख एकच आहे ना? दोन्ही आकडे लाभांशासह किंवा दोन्ही लाभांशाशिवाय आहेत ना? दोन्ही रुपयात आहेत ना? तीनपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर तुलना फाडून टाका.

## पायरी ६: भाव बघा, पण योग्य तुलनेत

ही पायरी छोटी आहे. ब्राझीलचा पीई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) कमी आणि अमेरिकेचा जास्त म्हणून ब्राझील स्वस्त, असं होत नाही. ब्राझीलमध्ये पेट्रोब्रास, वाले आणि बँका, म्हणजे तेल, लोखंड आणि कर्ज. अशा धंद्यांना जगात कुठेही कमीच पीई मिळतो. म्हणून देशाची तुलना त्याच देशाच्या मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या सरासरीशी करा. सरासरीच्या फार वर असेल तर पैसे एकदम घालू नका, दोन-तीन वर्षांत विभागा. या पायरीचा उपयोग वेग ठरवायला आहे. फक्त स्वस्त दिसतो म्हणून देश निवडलात तर पायरी ३ मध्ये खोडलेलेच देश परत यादीत येतील, कारण ते बहुधा त्याच कारणानं स्वस्त असतात.

## पायरी ७: वाटा आणि खरेदीचा क्रम ठरवा

१. आधी एक व्यापक जागतिक फंड. एमएससीआयच्या विकसित आणि उदयोन्मुख देशांच्या एकत्र निर्देशांकात अमेरिकेचाच वाटा ६० टक्क्यांहून जास्त आहे, त्यामुळे अमेरिका वेगळी घ्यायची गरज बहुतेकांना पडत नाही.

२. शेअरमधल्या तुमच्या एकूण पैशाच्या १० टक्क्यांपासून सुरुवात करा. दोन वर्षं चढउतार बघून झाले की २० पर्यंत जा. हा माझा आकडा आहे, नियम नाही.

३. त्यानंतरच एखादा देश वेगळा घ्या, तोही ५ टक्क्यांच्या आत, आणि का घेतला ते वहीत दोन वाक्यांत लिहून. दोन वाक्यं सुचत नसतील तर घेऊ नका.

वाट्याचा हिशेब करताना पायरी १ मधले कंपनीचे शेअर त्यात धरा. ज्याच्याकडे अमेरिकी कंपनीचे शेअर भरपूर आहेत, त्यानं ते मिळाल्यावर थोडे थोडे विकून जागतिक फंडात टाकणं हेच त्याचं पहिलं काम.

वाट्याची फेरतपासणी वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. अमेरिकी बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला आणि हिवाळ्यात ८ ला उघडतो. रोज रात्री जेवताना तो बघत बसलात तर वर्षातून एकदाचा निश्चय टिकत नाही.

सावधान: दुसऱ्या देशात पैसे ठेवले म्हणजे घसरणीत वाचलो, असं नाही. २००८ मध्ये सेन्सेक्स निम्म्याहून अधिक पडला तेव्हा अमेरिका आणि जपानचे बाजारही कोसळले होते.

## पायरी ८: कर आणि कागद, खरेदीच्या आधी

हा भाग थेट परदेशी शेअर किंवा परदेशी ईटीएफ घेणाऱ्यांसाठी आहे.

परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर नफ्यावर १२.५ टक्के कर, अधिक अधिभार आणि उपकर. त्याआत विकले तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. भारतातल्या शेअरना मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे लागू नाही, ही चूक विवरणपत्रात फार होते.

लाभांशावर तिकडे कर कापला जातो: अमेरिका २५ टक्के, ब्रिटनच्या साध्या कंपन्या आणि हाँगकाँग शून्य. अमेरिकी ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन फॉर्म (तुम्ही अमेरिकेचे नाही, भारतात कर भरता हे सांगणारा) भरलेला हवा. कापलेल्या कराचं श्रेय इथे मिळतं, पण त्यासाठीचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो विसरला तर त्या लाभांशावर दोनदा कर भरला असं होतं.

घरात बसून बोलायची गोष्ट ही आहे. अमेरिकी नागरिक किंवा तिथले रहिवासी नसलेल्या माणसाचं निधन झालं, तर त्याच्या अमेरिकी शेअरवर ६०,००० डॉलरच्या वरच्या रकमेवर तिकडे वारसाहक्काचा कर लागतो, दर ४० टक्क्यांपर्यंत चढत जातो. भारताचा अमेरिकेशी या करापुरता करार नाही. अमेरिकेत नोंदलेल्या ईटीएफलाही तो लागू आहे. रक्कम तिथपर्यंत जाणार असेल तर आयर्लंडमध्ये नोंदलेले, त्याच अमेरिकी निर्देशांकावरचे ईटीएफ बघा. आणि बायकोला किंवा नवऱ्याला ब्रोकरचं नाव, खातं आणि कागद कुठे ठेवलेत हे आजच सांगा.

शेवटी विवरणपत्र. परदेशात एक शेअर असला तरी आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ किंवा ३ घ्यावा लागतो आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं. इथे वर्ष कॅलेंडरचं असतं: आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ चा तपशील. न विकलेले आणि कंपनीकडून मिळून खात्यात पडलेले शेअरही त्यात येतात. माहिती दडवली तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाख रुपयांचा दंड आहे. स्थावर सोडून परदेशी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्या दंडातून सूट मिळाली, पण माहिती द्यायची जबाबदारी कायम आहे.

तपासणी: दर ३१ डिसेंबरला परदेशी खात्याचं स्टेटमेंट उतरवून घ्या, त्यात वर्षातली सर्वाधिक शिल्लक आणि त्याची तारीख आहे का बघा, आणि त्या तारखांचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक ज्या भावानं परदेशी चलन विकत घेते तो) त्याच कागदावर लिहून ठेवा. जुलैमध्ये हे आकडे शोधायला बसलात तर एक अख्खा रविवार जातो.